ॲव्हरेज: मोजायचे आणि सांगायचे

मोटारगाडीचे ॲव्हरेज दोन प्रकारचे असते: मोजायचे आणि सांगायचे. सांगायचे ॲव्हरेज सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि गाडी विकायला काढल्यावर उपयोगी पडते. ते काढायला पेट्रोल लागत नाही. समोरच्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ते निदान एकने जास्त असते आणि गाडी जुनी होईल तसे वाढत जाते. मोजायचे ॲव्हरेज मात्र सहसा दशांश चिन्हासकट येते आणि घरातल्या घरात ठेवतात.

या दोहोंखेरीज माहितीपत्रकात छापलेला एक तिसरा आकडा असतो. त्याला सरसकट थाप म्हणण्याची प्रथा आहे, ती बरोबर नाही. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिच्यासारख्या चाचणी संस्थांत हा आकडा ठरतो. तिथे गाडी रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. सुमारे वीस मिनिटांचा ठरावीक कार्यक्रम असतो: इतका वेग घ्या, इतके सेकंद टिकवा, थांबा, पुन्हा निघा. वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. खर्च झालेले इंधन धुरातल्या कार्बनवरून हिशेबाने काढतात. म्हणजे गाडीने किती घेतली हे तिच्या श्वासावरून ओळखतात. चालकाच्या बाबतीत पोलीसही हीच पद्धत वापरतात. त्या रोलरवर सिंहगड रस्ता नसतो, आडवी घुसणारी रिक्षा नसते आणि ‘जरा पुढे घ्या’ म्हणणारे कोणी नसते. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. रोज ऑफिसला जाता-येता तोच पडावा ही अपेक्षा म्हणजे गाडीवर अन्याय.

मोजण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, टाकी बरीच रिकामी होईपर्यंत गाडी चालवायची आणि पुन्हा फुल करायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. यात पाचवीच्या पुढचे गणित नाही. अडचण पंपावर येते. नोझल ‘टक्’ करून आपोआप बंद पडते, तेव्हा मीटरवर 1,947 रुपये असतात. कर्मचारी नोझल तसेच धरून, मान किंचित कलती करून विचारतो, “दोन हजार करू का, साहेब?” सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून साहेब मान डोलावतात. त्या 53 रुपयांत अर्धा लिटर पेट्रोल जास्त जाते आणि ॲव्हरेजचा आकडा तिथेच बिघडतो. काही अनुभवी मालक खाली उतरून गाडी कमरेने गदागदा हलवतात, म्हणजे आणखी थोडे मावते. मावते खरे, पण टाकीत वाफेसाठी राखलेली जागा भरते आणि जास्तीचे पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो बिघडवू शकते. पहिल्या ‘टक्’ला थांबावे. शक्यतो पंप तोच असावा, नोझलही तेच, आणि एका टाकीवरून निकाल न देता चार-पाच टाक्यांचे किलोमीटर व लिटर एकत्र करून भागाकार करावा. पंपावरच संशय असेल, तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप मागता येते. पंपावर ते ठेवावेच लागते. मात्र मागे उभ्या असलेल्या रांगेच्या भावना विचारात घ्याव्यात.

आकडा हाती आला की तो वाढवण्याची इच्छा होते. इथे अंकगणित थोडी गंमत करते. लिटरला 20 देणारी गाडी 24 देऊ लागली, तर मालक पेढे वाटतो. 10 देणारी 12 देऊ लागली, तर कोणी विचारत नाही. पण 100 किलोमीटरला पहिल्याचे 5 लिटरचे 4.17 होतात, दुसऱ्याचे 10 चे 8.33. दोघांचीही सुधारणा वीस टक्केच, पण पेढ्यांचा हक्कदार दुसरा. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर लागले असा हिशेब मांडतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

सुधारणेचे मुख्य साधन म्हणजे चालकाचा उजवा पाय. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत जायचे आणि शेवटी कचकन ब्रेक मारायचा, यात विकत घेतलेल्या पेट्रोलने ब्रेक गरम होण्यापलीकडे काही साधत नाही. एक्स्प्रेसवेवर वेग 80 वरून 100 वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वाचलेली दहा-बारा मिनिटे पुढे फूड मॉलवर वडापावच्या रांगेत जातात.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे हा वडिलोपार्जित उपाय. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, की उतारावर इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते. न्यूट्रल केले, तर इंजिन चालू राहावे म्हणून ते पुन्हा सुरू होते. म्हणजे खंडाळ्याच्या उतारावर बचतीच्या आनंदात पेट्रोल जळते, आणि इंजिनाचा अटकाव गेल्याने ब्रेकही तापतात.

टायरमधली हवा हा सर्वांत स्वस्त उपाय, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. योग्य दाब चालकाच्या दाराजवळ स्टिकरवर लिहिलेला असतो. तो स्टिकर गाडी विकताना प्रथमच दिसतो. नायट्रोजन भरण्यासाठी वेगळे पैसे देणाऱ्यांनी साध्या हवेतही तो 78 टक्के असतो हे लक्षात ठेवावे. डिकीतले सामान उतरवल्यानेही थोडा फरक पडतो, पण मागच्या यात्रेतले नारळ, पाण्याचा कॅन आणि सतरंजी यांना हात लावण्याचा अधिकार बहुधा मालकाकडे नसतो. टपावरचे रिकामे कॅरिअर मात्र काढता येते, आणि ते वेगात बरेच इंधन खाते.

इथेनॉलबद्दलची तक्रार निराधार नाही. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणात आकडा काहीसा उतरणारच. तिथे उजवा पाय निर्दोष.

राहता राहिला स्वस्त पेट्रोलचा शोध. बांद्याच्या माणसाने सीमा ओलांडून गोव्यात टाकी भरणे शहाणपणाचे, कारण गोवा हाकेच्या अंतरावर आहे. त्यासाठी कणकवलीहून मुद्दाम निघणाऱ्याने आधी जाण्या-येण्याचे पेट्रोल मोजावे. वर्षाला 10,000 किलोमीटर फिरणाऱ्याने 15 चे ॲव्हरेज साडेसोळावर नेले, तर घरबसल्या 60 लिटर वाचतात. टायरची हवा उद्या सकाळी, टायर थंड असतानाच तपासून घ्यावी.