सहामाही आजोबा

या गृहस्थाला ओळखायला फार निरीक्षण लागत नाही. तिकडची थंडी ओसरली की एप्रिल-मेमध्ये तो मुंबईहून अमेरिकेला निघतो आणि पुन्हा थंडी पडायच्या आत, दिवाळीच्या तोंडावर, परत येतो. मधला सगळा काळ तो मुलाकडे राहतो. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला राहायची मुभा साधारण सहा महिन्यांचीच. म्हणून हा सहामाही आजोबा. पायात पांढरेशुभ्र नवे बूट, वर कडक इस्त्रीची पँट, भर उन्हाळ्यात बिनबाह्यांचा स्वेटर आणि कमरेला एक पाऊच. पाऊचमध्ये पासपोर्ट, विम्याचा कागद आणि मुलाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. हा पाऊच फक्त झोपताना उतरतो आणि तोही उशीखाली जातो.

निवृत्त बँकवाले, एलआयसीवाले, मुख्याध्यापक, वीज मंडळवाले असे त्याचे पोटप्रकार आहेत. त्यातला पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा आजोबा सर्वांत जातिवंत. पुढचं वर्णन त्याचं आहे; बाकीच्यांनी आपापल्या खात्याप्रमाणे किरकोळ फेरफार करून घ्यावेत.

त्याच्या परदेशप्रवासाला सुरुवात होते ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. मुलाखतीला जाताना फायलीत सातबारा, मुदत ठेवींच्या पावत्या, पेन्शनचं पुस्तक, घरपट्टीची पावती आणि धरणाच्या कामाबद्दल खात्यानं दिलेलं प्रशस्तिपत्रक असतं. काचेपलीकडचा अधिकारी ‘‘कोणाकडे चाललात? किती दिवस?’’ एवढंच विचारतो आणि दोन मिनिटांत जा म्हणतो. व्हिसा मिळाल्याच्या आनंदापेक्षा फाईल कोणी उघडलीच नाही, याचं दुःख जास्त असतं. नोकरीत ज्यानं एकही अर्ज जोडपत्रांशिवाय पुढे सरकू दिला नाही, त्याला महासत्तेचा कारभार इतका ढिला असेल असं वाटलेलं नसतं. अमेरिकेबद्दलचं त्याचं पहिलं मत वांद्र्यातच तयार होतं.

मग बॅगा. माणशी दोन, प्रत्येकी २३ किलो. चारांपैकी एका बॅगेत आजोबा-आजींचे कपडे. उरलेल्या तिनांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, सांडगे, कुरडया, लिंबाचं लोणचं आणि सुनेनं फोनवर ‘‘काही आणू नका हं आई’’ म्हणून सांगितलेलं बाकी सगळं. लोणच्याच्या बरणीला चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि अर्धं रीळ चिकटपट्टी. काट्यावर २३.४ भरलं, की रात्री बारा वाजता बॅग पुन्हा उघडते आणि आजोबांचा एक शर्ट बाहेर पडतो. कुरडया जागच्या हलत नाहीत.

रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरणारा हा माणूस विमानतळावर मात्र चाकाच्या खुर्चीत बसतो. दुखणं गुडघ्याचं नसतं, इंग्रजीचं असतं. खुर्ची ढकलणारा बरोबर असला की गेट चुकत नाही, रांग टळते आणि अधिकाऱ्याच्या उच्चारांना तोंड द्यायला एक साक्षीदार मिळतो. ‘‘खायचं काही आणलंय का?’’ या कस्टम्सच्या प्रश्नाला ‘‘सुकं खाणं आहे’’ एवढंच सांगा, असं मुलानं पढवलेलं असतं. पण सरकारी माणसापुढे अर्धवट निवेदन करणं आजोबांच्या तत्त्वात बसत नाही. ते भाजणीपासून सुरू करतात. कुरडयांचा गहू किती दिवस भिजवायचा इथवर आजी त्यांना मदत करतात आणि अधिकारी हात जोडायचाच बाकी राहतो. बाहेरच्या दारात नातू दिसताक्षणी आजोबा खुर्चीतून उठून चक्क धावतात. खुर्ची ढकलणाऱ्याला चमत्कार पाहिल्याचं पुण्य लागतं.

गाडीत बसताना ते शिरस्त्याप्रमाणे डावीकडचं दार उघडतात आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसतात. तिथून त्यांना उठवून उजवीकडे नेण्यात येतं. रस्त्याला लागल्यावर पहिला प्रश्न, ‘‘माणसं कुठायत?’’ दुसरा, ‘‘हॉर्न बिघडलाय का?’’ वाटेत मुलगा पेट्रोलला थांबतो, तेव्हा एक माणूस बाहेर येऊन नळी लावतो आणि आजोबा प्रथमच निवांत होतात. न्यू जर्सी हे ग्राहकानं स्वतः पेट्रोल भरायला बंदी असलेलं अमेरिकेतलं एकमेव राज्य आहे, हे मुलगा सांगतो. ‘‘शहाणं राज्य आहे,’’ असा शेरा मिळतो.

खरा धक्का पुढे आहे. मध्यरात्री, निर्मनुष्य चौकात, ‘स्टॉप’ अशी लाल पाटी पाहून मुलगा गाडी पूर्ण थांबवतो. इकडे बघतो, तिकडे बघतो, मग निघतो. सिग्नल नाही, पोलीस नाही, कुत्रंदेखील नाही. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून तीन मित्रांना एका लूनावर बसवून उलट्या बाजूनं जाणारा हा तोच मुलगा. आजोबा आजींकडे बघतात, आजी आजोबांकडे. अमेरिकेबद्दल पुढे ते नातेवाइकांना पुष्कळ काही सांगतात, पण हे कोणाला सांगत नाहीत.

घरात शिरल्यावर सगळ्या गोष्टींआधी ते भिंतीवर टकटक करतात. आवाज पोकळ येतो. घराचा सांगाडा लाकडी, त्याला आतून जिप्समचे तक्ते ठोकलेले, मधे कापसासारखं काहीतरी भरलेलं. अर्धं आयुष्य काँक्रीटचे ठोकळे फोडून तपासण्यात गेलेला माणूस! मुलानं तीस वर्षं हप्ते फेडायच्या बोलीवर घेतलेल्या या वास्तूला ते पहिल्या पाच मिनिटांत नापास करतात. फक्त निकाल जाहीर करत नाहीत. ‘‘छान आहे. हवेशीर आहे,’’ म्हणतात. खिडक्या सगळ्या बंद असतात.

अमेरिकी न्हाणीघरात टबाबाहेरच्या जमिनीला मोरी नसते, ही गोष्ट त्यांना सांगायची राहून जाते. कारण ती सांगायला हवी असं तिथं वाढलेल्या नातवाच्या कधी डोक्यात येत नाही आणि मुलाच्या डोक्यातून गेलेली असते. आजोबा बादली शोधून काढतात, टबाबाहेर ठेवतात आणि यथासांग, हरहर गंगे म्हणत आंघोळ करतात. पाणी आपला मार्ग शोधतं आणि खालच्या दिवाणखान्याच्या छतातून जेवणाच्या टेबलावर येतं. कोयनेच्या पाणलोट क्षेत्रात हयात घालवलेल्या माणसाच्या हातून घरातला पहिलाच विसर्ग असा अनियंत्रित व्हावा! त्यांनी मात्र खचून न जाता गळतीचा उगम, दिशा आणि वेग यांची तासाभर पाहणी करून ‘‘मूळ आराखड्यातच दोष’’ असा अहवाल दिलेला असतो.

त्याच संध्याकाळी आजी आमटीला फोडणी देतात. मोहरी तडतडते, मिरचीचा खकाणा उठतो आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागतो. नातू सराईतपणे टॉवेल घेऊन त्याला वारा घालतो. आजींना वाटतं, सून इतकी वर्षं फोडणीच देत नसावी. सासू-सुनेतला पहिला गैरसमज यंत्रामुळे होतो आणि दुसऱ्या दिवशी सुनेनं पंखा लावून खमंग फोडणी दिल्यावर मिटतो.

पहिला आठवडा रात्रीचा दिवस असतो. उन्हाळ्यात साताऱ्याचं घड्याळ न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतं आणि आजोबांचं शरीर साताऱ्याच्या वेळेवर ठाम असतं. पहाटे तीनला ते दोघं टक्क जागे होऊन अंधारात, आवाज न करता चहा करायचा प्रयत्न करतात. डिशवॉशर उघडून बघतात. त्यात भांडी टाकायच्या आधी ती स्वच्छ घासून घ्यायची, अशी पद्धत आजी त्याच पहाटे सुरू करतात. महिन्याभरात दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुऊन गॅरेजमध्ये ओळीनं उभे राहतात. ‘‘असू दे, लागतात,’’ एवढंच स्पष्टीकरण.

पैशांचं म्हणाल, तर पहिले काही आठवडे प्रत्येक वस्तूच्या किमतीचा रुपयांत गुणाकार होतो. २० डॉलरला केस कापतात हे कळल्यावर आजोबा सहा महिने केस वाढवण्याचा निर्णय घेतात. कोथिंबिरीच्या जुडीचा गुणाकार आजींना मोठ्यानं करू दिला जात नाही. मुलगा शनिवारी ओक ट्री रोडला नेतो. तिथं पटेल ब्रदर्समध्ये तोंडली, पडवळ, शेवग्याच्या शेंगा आणि साक्षात कुळथाचं पीठ बघून आजी गप्प होतात. आपण बारा हजार किलोमीटरवरून आणलेली पिशवी इथं फळीवर उभी आहे! ‘‘आपल्या जात्यावरची सर नाही याला,’’ म्हणून त्या स्वतःची समजूत घालतात.

हे गाव एडिसन. नावही त्या एडिसनवरूनच पडलेलं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती आणि १८७९ साली त्याचा विजेचा दिवा तिथंच पेटला. आता त्या जागी डोक्यावर भला मोठा बल्ब असलेला बुरूज उभा आहे. मुलगा मोठ्या अभिमानानं तो दाखवतो. बुरूज बघून घरी आल्यावर आजोबा नेहमीप्रमाणे खोल्याखोल्यांतून फिरून दिवे बंद करत सुटतात. एडिसनच्या गावात एडिसनच्या कार्याला इतका नियमित विरोध दुसरं कोणी करत नसेल.

मात्र दिवे बंद करण्यामागे नुसती काटकसर आहे असं समजू नये. या घरात त्यांना करायला दुसरं काही नाही. उठले की ‘‘बाबा, तुम्ही बसा.’’ ताट उचललं की ‘‘बाबा, राहू द्या.’’ झाडाला पाणी घालू का? ‘‘बाबा, त्याला टायमर आहे.’’ साताऱ्यात ज्याच्या सहीशिवाय पाटाला पाणी सुटत नव्हतं, त्याच्यासाठी इथं गवताच्या पाण्यालाही जागा शिल्लक नाही. समोर मुलगा भांडी घासतो, ओटा पुसतो, सुनेच्या डब्यात भाजी भरतो. आयुष्यात स्वतःचं ताट न उचललेले आजोबा हे सगळं सोफ्यावर बसून बघतात. पहिल्या दिवशी वाईट वाटतं. आठव्या दिवशी कौतुक. पंधराव्या दिवशी आजी त्यांच्याकडे जे बघायला लागतात, त्यामुळे ते उठून बाहेर जातात.

बाहेर टपालपेटी असते. तिचा ताबा ते घेतात. रोज दुपारी टपाल आणायचं, फोडायचं, वाचायचं. कार्पेट धुऊन देणारे, छत बदलणारे, दाताचे डॉक्टर, सगळ्यांची पत्रकं ते लावून ठेवतात. ‘‘आपल्याला कर्ज आधीच मंजूर झालं आहे’’ असं बँकांचं पत्र आलं, की मुलाची गावात किती पत आहे हे आजींना वाचून दाखवतात. मुलगा ती सगळी चळत संध्याकाळी कचऱ्यात टाकतो. सकाळी ती पुन्हा फायलीत असते.

बागेतला बाक हे त्यांचं दुसरं कार्यालय. तिथं गुजराती, तेलुगू, पंजाबी आणि मराठी सहामाही आजोबांची रोज सभा भरते. पहिला प्रश्न नावगाव नसतो, ‘‘कितवी खेप?’’ हा असतो. पहिल्या खेपेचा माणूस टोकाला बसतो आणि ऐकतो. चौथ्या खेपेवाला विमा, व्हिसा आणि सुनांचे स्वभाव यांवर मार्गदर्शन करतो. देशांच्या सीमा, भाषा, पक्ष सगळं विसरून सर्वांचं एका मुद्द्यावर एकमत होतं : ‘‘सगळं छान आहे हो, पण वेळ जात नाही.’’

या बाकापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरावर रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेत उतरल्या, त्या पहिल्यांदा तिथं कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. वय अठरा, सोबत घरचं कोणी नाही, ओळख फक्त पत्रांतून झालेली. आणि त्या परक्या घरातल्या बाईंना त्यांनी मावशी केलं. पुढे त्या भारतात परतून अकाली गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थींनाही त्या कुटुंबानं पोकीप्सीच्या आपल्या दफनभूमीत जागा दिली. आमचे आजोबा ही गोष्ट नातवाला रंगवून सांगतात आणि सांगता सांगता थोडे गप्प होतात. परक्याच्या दारात गेलेली ती पोर महिन्याभरात घरची झाली आणि पोटच्या मुलाच्या घरी आपण पाहुणे झालो, हा हिशेब मांडायला उपअभियंता असावं लागत नाही.

परत गेल्यावर साताऱ्यात ते महिनाभर भाषण देतात : रस्ते, शिस्त, ग्रंथालयं, शाळेची पिवळी बस थांबली की दोन्हीकडची गाड्यांची रांग कशी जागच्या जागी थांबते, वगैरे. ऐकणाऱ्यांना वाटतं, माणूस अमेरिका बघून आला. तो बघायला गेला होता मुलगा कसा राहतो ते, आणि त्यात त्याला नाव ठेवायला काही सापडलं नाही, हीच त्याची खरी पंचाईत असते.

तेव्हा न्यू जर्सीपासून न्यूझीलंडपर्यंतच्या समस्त चिरंजीवांना आणि सूनबाईंना एक विनंती. यंदा आई-बाबा आले, की त्यांना नायगारा, व्हाइट हाऊस आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा सावकाश दाखवा. ते कुठं पळून जात नाहीत. पहिल्या दिवशी घराची एक किल्ली त्यांच्या हातात द्या, न्हाणीघराला मोरी नाही हे सांगा आणि कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते एकदा नीट समजावून द्या. पुढचे सहा महिने तुमच्या गल्लीत कचऱ्याचा डबा सर्वांत आधी तुमच्या दारासमोर उभा असेल.