आजोबा बारा बाय अठरा

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो लागतो. बारा बाय अठरा इंच, काचेची फ्रेम, चंदनाचा हार. हे काम घरातल्या ‘मोबाइलमधलं कळणाऱ्या’ माणसाकडे येतं, म्हणजे तुमच्याकडे. घाबरू नका. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळल्यात तर कुठलाही फोटो कितीही मोठा करता येतो. तो कोणाचा दिसेल, हे नंतर बघू.

१. फोटो निवडा. आजोबांचे फोटो घरात ढिगाने असतात, फक्त सगळ्यांत ते कोणाच्या तरी मागे असतात. एकट्याचा असा एकच, आधार कार्डावरचा, आणि तो काढणाऱ्याने त्यांना बहुतेक न सांगताच काढला होता. तेव्हा चुलतबहिणीच्या लग्नातला ग्रुप फोटो घ्या. २२ माणसं, आजोबा दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे, डोळे जवळपास उघडे. ‘यात किती प्रसन्न दिसतायत!’ असं कोणीतरी म्हणेल आणि निवड पक्की होईल.

या टप्प्यावर आजी म्हणतील, ‘माझा तरी एक धड काढून ठेवा रे, आत्ताच.’ त्यांना ‘काहीतरी अभद्र बोलू नका’ म्हणून गप्प करा. खिडकीच्या उजेडात स्वस्थ बसलेलं, कॅमेऱ्याकडे बघणारं, हयात माणूस हे या कलेतलं सर्वांत मोठं विघ्न आहे.

२. मूळ फाइल मागू नका. ती लग्नाच्या फोटोग्राफरकडे असू शकते. एक फोन केलात तर मिळेलही. मोह आवरा. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं ओलांडत वर वर जा, तिथे तो फोटो सापडेल. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतानाच त्याला आवळलेलं असतं. साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तरीही फार स्वच्छ वाटत असेल, तर काकांनी स्टेटसला ठेवलेल्याचा स्क्रीनशॉट घ्या. जेपेगचा स्वभावच असा की दर वेळी नव्याने सेव्ह केलं की थोडं थोडं विसरायचं. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा येईल,’ असं सांगणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला पत्रावळी आणायला पाठवा.

३. आजोबांना बाहेर काढा. क्रॉप करताना शेजारच्या दोघांचे कान येतील. येऊ द्या, पुढे बघू. डोकं आणि खांदे मिळून आता तुमच्या हाती २१६ गुणिले ३२४ पिक्सेलचा तुकडा आहे, म्हणजे जवळपास ७० हजार ठिपके. वाईट वाटून घेऊ नका. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला, तो जगातला पहिला डिजिटल फोटो मानतात. त्यात १७६ गुणिले १७६ एवढेच ठिपके होते. तुमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. मात्र कर्श यांना तो बारा बाय अठरा करून बैठकीत लावायचा नव्हता.

उत्तम प्रिंटला इंचाला ३०० ठिपके लागतात असं छपाईवाले सांगतात. म्हणजे ३६०० गुणिले ५४००, एकूण १ कोटी ९४ लाख. त्यातले ७० हजार आजोबांचे. उरलेल्यांची सोय आपण करायची आहे.

४. आधी फुकटचा उपाय करा. फोटोशॉपमध्ये इमेज साइजची खिडकी उघडा, रिसॅम्पलपुढची खूण काढा, ‘७२’ खोडून ‘३००’ लिहा. ओके म्हणा. आता तुमचा फोटो ३०० डीपीआय झाला. प्रिंटची रुंदी त्याच क्षणी पाऊण इंचाच्या खाली गेली, तिकडे लक्ष देऊ नका. स्टुडिओवाल्याने विचारलं तर छातीठोकपणे ‘तीनशे आहे’ सांगा. खोटं नाही ते.

५. आता खरोखर मोठा करा. जुनी पद्धत म्हणजे बायक्युबिक. नवा ठिपका हवा असला की प्रोग्राम आजूबाजूच्या सोळा ठिपक्यांना विचारतो आणि मधला मार्ग काढतो. परिणामी आजोबा धुक्यातून येत असल्यासारखे दिसतात. काही घरांना हे आवडतं, स्वर्गवासी वाटतात.

‘जाने भी दो यारों’ (१९८३) मधले दोन फोटोग्राफर बागेतला एक फोटो मोठा करत करत जातात आणि त्यात चक्क खून सापडतो. ती फिल्म होती. तुम्ही मोठा करत गेलात तर मागच्या टेबलावरची जिलेबी सापडेल, तीसुद्धा चौकोनी, कारण जेपेग सगळं जग आठ गुणिले आठच्या चौकटींत मांडतं.

त्यापेक्षा एआय वापरा. फोटो चढवा, बटण दाबा. या यंत्राने लाखो चेहरे पाहिलेले असतात. आजोबा त्यात नसतात. त्यामुळे ते आजोबांना शोधत बसत नाही, अशा जागी सहसा काय असतं ते भरतं. पापण्या येतात. कवळी काढून ठेवलेल्या तोंडात दात येतात, जाहिरातीतल्यासारखे. लहानपणी चिंचेवरून पडल्याची भुवईवरची खूण म्हणजे फोटोवरचा डाग, असं समजून ती पुसली जाते. चष्म्याची एक काडी कानामागे जाते, दुसरी गालात. आत्या फोन हातात घेऊन बराच वेळ बघतील आणि विचारतील, ‘हे कोण?’ त्यांना ‘अजून प्रोसेस व्हायचंय’ असं सांगा. दोन दिवसांनी तेच चित्र पुन्हा दाखवा. तोवर सवय झालेली असते.

६. कोट घाला. खांद्यावर मावशींचा हात राहिला आहे, तो खोडताना अर्धा खांदाही जाईल. स्टुडिओत तयार कोट असतात: काळा, निळा, टायसकट. आजोबांनी जन्मभर पांढरा सदराच घातला असला तरी हरकत नाही. कोटाबरोबर मान थोडी जाड मिळेल. मागे आकाशी रंग टाका, म्हणजे शेजाऱ्यांचे कानही गेले.

७. रंग पास करा, तेही मोबाइलची ब्राइटनेस पूर्ण वाढवून, रात्री, दिवे घालवून. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. प्रिंट हातात येईल तेव्हा आजोबा दोन छटांनी सावळे झालेले असतील. दोष शाईवर ढकला. कागद ग्लॉसी घ्या. फ्रेमवाले विचारतील, ‘माउंट टाकू का? काच फोटोला टेकणार नाही.’ नको म्हणा, शंभर-दोनशे रुपये वाचतात. पावसाळ्यात फोटो काचेला असा चिकटेल की वेगळा करायला गेलात तर कपाळ काचेवरच राहील.

८. टांगा. एवढ्या मेहनतीनंतर फोटो कितीला उभा राहिला? खरे ठिपके मोजले तर इंचाला १८. पण इथे निसर्ग तुमच्या बाजूने आहे. साध्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक काही वेगळं दिसत नाही, आणि त्या हिशेबाने सोळा फुटांवरून हा फोटो निर्दोष आहे. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे साहेब याच शास्त्रावर गुळगुळीत दिसतात. खोली दहा बाय बाराची असेल तर फोटो दाराच्या वर, छताला लागून लावा आणि पाहुण्यांच्या खुर्च्या गॅलरीत मांडा.

मग हार घाला. हाराने कोट, टाय आणि दात झाकले जातील. समोरच्या ट्यूबलाइटची तिरीप काचेवर पडून कपाळ जाईल. उरेल तो चष्मा. पाहुणे मान वर करून म्हणतील, ‘हुबेहूब! आत्ता हाक मारतील असं वाटतं.’ तुम्ही ‘हो ना’ म्हणा, आणि कोणी ‘मलाही पाठव ना’ म्हटलं तर फ्रेमचाच फोटो काढून ग्रुपवर टाका.