लोकलमध्ये दुःख गाण्याची शास्त्रोक्त पद्धत

बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. एवढ्या अंतरात माणसाने झोपावे, भांडावे किंवा भजन करावे, असा संकेत आहे. पहिल्या दोन कला उपजतच येतात. तिसरीचे नियम पुढीलप्रमाणे.

१. आधी जागा, मग सूर. अंबरनाथच्या बुवांनी उलट दिशेची गाडी पकडून बदलापूर गाठावे आणि बसूनच परत यावे. चौथ्या सीटवर अर्धे टेकून करुण रस निघत नाही, नुसता राग निघतो.

२. दुःख दुसऱ्याचे निवडावे. आपले हुकलेले प्रमोशन, मुलाची हुकलेली ॲडमिशन हे विषय वर्ज्य. तुकोबांकडे सगळे आधीच आहे: १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेला धंदा, बायको आणि मुलाचा मृत्यू, पुढे इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या. एवढे होऊनही चार हजारांवर अभंग उरले. चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिले नाही; त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. त्यांचे शब्द तोंडात असले की साहेबाने हातात दिलेला मेमो आपोआप लहान होतो. बुवा हे बोलून दाखवत नाहीत. पण लेटमार्कच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चोखोबा जरा जास्तच चढतो.

३. क्रम मोडू नये. रूपाचा अभंग विठ्ठलवाडीच्या आत सुरू व्हावा. स्थानकाच्या नावाचा तेवढा मान राखावा. कल्याणला गर्दी आत घुसते, तेव्हा आलाप नको, गजर घ्यावा. शिव्या त्यात बुडतात. गवळण ठाण्यानंतर. भैरवी दादरच्या आत उरकावी, पुढे झील धरायला माणसे उरत नाहीत.

४. ठेका धुमाळीचा. ढोलकी नसेल तर डब्याचा पत्रा आहेच. सिग्नलला गाडी थांबली म्हणून लय वाढवू नये. त्याने सिग्नल पडत नाही.

५. मोबाइलवरचे करावके: नाही.

६. उल्हासनगरला चढणाऱ्याला परका समजू नये. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला हे नाव १९४९ मध्ये मिळाले. सिंधमध्ये त्यांचे भगत कंवरराम पायात घुंगरू बांधून गात. १९३९ साली रूक स्थानकावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. गाव, घर आणि गाणारा गमावून ज्यांनी पुन्हा दुकान मांडले, त्यांना धीराचे धडे देऊ नयेत. टाळ द्यावा.

७. झोपलेल्याच्या कानाशी टाळ वाजवू नये. हा नियम बुवा पाळत नाहीत, पाळणारही नाहीत. रात्री साडेअकराला घरी पोचून पहाटे पाचला उठलेल्याला वैराग्य नको असते हो, अर्धा तास डोळा लागायला हवा असतो! आणि हाच गृहस्थ, आषाढीला बुवा पंढरपूरला गेले की एक डोळा उघडून विचारतो, "आज मंडळी नाहीत का?"

तेव्हा दसऱ्याला डब्यात तोरणे बांधायची वर्गणी मागत बुवा समोर आले, तर पेंगल्याचे सोंग करू नये. पाकीट काढावे. वर्षभर फुकट ऐकलेले असते.