कावळ्याचं इंग्रजी

वर्गात पडदा आला. प्रोजेक्टर लोकवर्गणीतला, नारळ सरपंचांच्या हातचा, फोटो सगळ्यांचा. पोरं फोटोत मागच्या रांगेत.

आता इंग्रजी ॲनिमेशनमधून. सफरचंद नाचतं, हत्ती सोंड हलवत 'एलिफंट' म्हणतो. पोरं खूश, सर त्याहून खूश. तेवढ्यात त्यांची ऑनलाइन माहिती भरून होते.

आणि हे नवीन म्हणे! बीबीसीने १९८६ मध्येच पोरांना इंग्रजी शिकवायला 'मझी इन गोंडोलँड' हे कार्टून काढलं. नायक हिरवा, केसाळ, घड्याळं खाणारा. गोंडोलँड ऐकून सिन्नरकराला आपलं गोंदेश्वराचं देऊळ आठवलं, तर त्याचा काय दोष?

आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आता तिशीपार. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत मुलाखतीला गेली की 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला अजून रुमाल काढतात. पाठ केलेलं सगळं येतं हो.

विचारलेलं येत नाही.

मग पुस्तकांत क्यूआर कोड आले. ते रुजवणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि आपण कोडाच्या प्रेमात पडलो. बक्षीस गुरुजींना होतं, हे लक्षात कोण घेतो? कोड छापता येतो. गुरुजी कुठल्या छापखान्यात छापणार?

पडद्याची खोड एकच. 'व्हॉट इज धिस?' विचारतो आणि पोरानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाळ्या वाजवून घेतो. सभेतल्या भाषणांची सवय असलेल्या गावाला यात काही खटकतही नाही.

परवा तालुक्याच्या पूर्व भागातल्या, म्हणजे आपल्या कायमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, एका शाळेत गेलो होतो. पडद्यावर तहानलेला कावळा. एकदा दाखवून झाल्यावर बाईंनी चक्क आवाज बंद केला. ''आता कावळ्याचं तुम्ही बोला.''

वर्ग चिडीचूप.

''बाई, मराठीत चालंल?''

''मला चालेल. कावळा इंग्लिश मीडियमचा आहे.''

हशा. मग एक पोरगी उठली. ''नो वॉटर.'' दुसरा म्हणाला, ''पॉट... खाली वॉटर.'' बाईंनी 'खाली' तसंच राहू दिलं. बरं केलं.

कावळा खडा उचलायला निघाला, तसा मागच्या रांगेतला एकजण उभाच राहिला.

''क्रो, वेट! टँकर कमिंग!''