कान्हे फाट्यावरचा टेकू

आमच्या दाजींकडे परदेशी बनावटीची एक जुनी टूरिंग मोटारसायकल आहे. सेकंडहँड घेतलेली, म्हणजे आधीच्या मालकाची हौस जिथे फिटली तिथून दाजींची सुरू झाली. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे, आणि वयाचा विषय निघाला की दाजी स्वतःही जरा हळवे होतात. गाडीला दोन बाजूंना दोन डिक्क्या आणि मागे एक मोठी. या मोठ्या डिक्कीला पाठ टेकून एक माणूस बसू शकतो. तो माणूस मी.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही भल्या पहाटे चिंचवडहून लोणावळ्याला निघालो. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे अर्थातच जुन्या हायवेने. ही बंदी दाजींना वैयक्तिक अपमान वाटते. ‘माझ्या गाडीचं इंजिन तुमच्या त्या डब्याडब्यांच्या मोटारींपेक्षा मोठं आहे,’ असं ते देहूरोडपासून तळेगावपर्यंत ओरडून सांगत होते. हेल्मेटमधून मला फक्त ‘डबा’ एवढंच ऐकू येत होतं, आणि ताईने दिलेल्या धपाट्यांच्या डब्याची आठवण तीव्र होत होती.

वडगावला चहासाठी थांबलो. दाजींनी डिक्की उघडली, झाकण वर गेलं, दाजी डबा काढायला आत वाकले आणि झाकण सावकाश, कुणाचं लक्ष नसताना, खाली येऊन त्यांच्या डोक्यावर बसलं. हेल्मेट काढलं नव्हतं म्हणून फक्त आवाज झाला. चहावाल्याने वळून पाहिलं. आतून दाजींचा घुमलेला आवाज आला, ‘धर की रे!’

झाकण वर धरून ठेवायला दोन बाजूंना दोन बारीक नळ्या असतात. शोरूममध्ये त्यांना गॅस स्ट्रट म्हणतात, गॅरेजमध्ये डिक्कीचा शॉकअप. नळीत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, तो आतला दांडा बाहेर ढकलतो आणि झाकण वर राहतं. राहिलं पाहिजे, एवढंच. आमचं राहत नव्हतं. त्यामुळे त्या क्षणापासून माझी नेमणूक झाली. दाजींना रुमाल हवा, मी उतरून झाकण धरायचं. गॉगल हवा, मी झाकण धरायचं. आतल्या स्टिकरवर वजनाची मर्यादा नऊ किलो लिहिली होती. दाजींनी आत पंक्चर किट, फोल्डिंगची खुर्ची, प्रथमोपचार पेटी आणि जानेवारीत दोन रेनकोट भरले होते, आणि त्यातली जी वस्तू हवी असायची ती कायम तळाशी.

या रस्त्यावर नको तेवढं सामान घेऊन येण्याची परंपरा मात्र जुनी आहे. १७७८-७९ च्या हिवाळ्यात राघोबादादांना पुण्यात बसवायला निघालेली इंग्रजांची फौज याच बाजूने बोरघाट चढून आली, ती १९,००० वर बैल घेऊन. एवढं लटांबर घेऊन जेवढ्या वेगाने जाता येतं तेवढ्याच वेगाने ती गेली. तळेगावपर्यंत पोचली आणि तिथून रातोरात परत फिरली. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या, तरी वडगावात मराठ्यांनी गाठलीच. महादजी शिंद्यांपुढे तहाला बसावं लागलं. ‘बघा दाजी,’ मी म्हटलं, ‘त्यांनी तोफा टाकल्या, आपण खुर्ची तरी टाकू.’ दाजी म्हणाले, ‘खुर्ची तुझ्या ताईने दिलीय.’ विषय संपला.

लोणावळ्याला जायचं सोडून दाजींनी कान्हे फाट्यावर गाडी उजवीकडे टाकली. टाकव्यावरून आंदर मावळात जाऊ, ठोकरवाडीचं पाणी बघू, असं त्यांना अचानक वाटलं. कान्ह्याचं रेल्वे फाटक बंद होतं. पुणे–खंडाळा लोहमार्ग १८५८ पासून आहे, तेव्हा रेल्वेला घाई करा म्हणायला आपल्याला तोंड नाही. फाटकापाशी टेम्पो, कंपनीच्या बसेस, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली आणि मधोमध आम्ही. दोन मिनिटांत भोवती गर्दी जमली.

‘अ‍ॅव्हरेज किती देती?’ हा पहिला प्रश्न.

दाजींनी आकडा सांगितला. किटलीवाल्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

‘केवढ्याला पडली?’ हा दुसरा. दाजींनी तोही आकडा सांगितला, अभिमानाने.

पागोटं बांधलेले एक आजोबा म्हणाले, ‘एवढ्यात इथं पूर्वी गुंठे आले असते.’

‘आता?’

‘आता ही गाडीच येती.’

तेवढ्यात कुणीतरी मागच्या डब्यात काय असतं असं विचारलं आणि दाजींनी प्रात्यक्षिकासाठी डिक्की उघडली. मी सवयीने हात पुढे केला. ते त्यांना लोकांसमोर आवडलं नाही. मी हात मागे घेतला. झाकण आलं खाली. आजोबा म्हणाले, ‘शॉकअप गेल्यात हिचे. फाटा ओलांडून मागं जा, टेम्पोचं गॅरेज हाये.’ इतक्यात गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं आणि सगळं आंदर मावळ पुढे निघून गेलं. आम्ही मात्र उलटे फिरलो.

गॅरेजवाला पोरगा विशीतला, हात कोपरापर्यंत काळे. तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. दाजींनी नाटकीपणाने झाकण वर केलं आणि हात सोडला. झाकण उभं राहिलं. ढिम्म हललं नाही. दाजींनी त्याला हलकेच टिचकी मारली. तरी नाही.

‘काय झालंय, काका?’ पोराने विचारलं.

‘पडतं हो ते.’

‘कधी?’

‘सकाळपासून. याला विचारा.’

पोरगा हसला. ‘थंडीत पडणार. आत गॅस हाये ना. गार झाला की जोर जातो.’ आणि ते खरं आहे. दहा अंशाच्या पहाटेपासून तीस अंशाच्या दुपारपर्यंत आतला दाब साधारण सात टक्क्यांनी वाढतो. धडधाकट शॉकअपला सात टक्क्यांनी काही होत नाही. पण आमचा इतका काठावर आला होता की झाकणाने उभं राहायचं की आडवं व्हायचं ते तेवढ्यावर ठरत होतं.

मग त्याने ग्रीसने काळा झालेला अंगठा नळीवरून फिरवला. खाली पुसट अक्षरं उमटली: १००, आणि पुढे एन.

‘मॉडेल नंबर,’ दाजी म्हणाले.

‘न्यूटन, काका. दहा किलोचा जोर. आता चारचासुद्धा नसंल.’ त्याने दांड्याकडे बोट केलं. ‘आणि हे कुणी बसवलं? उलटं बसवलंय. डिक्की बंद असताना दांडा खाली पाहिजे. आत थोडं तेल असतं, ते सीलवर राहतं. ह्यांनी दांडा वर ठेवला, सील सुकलं, गॅस गेला.’ आधीच्या मालकाची हौस कशी फिटली ते तिथे समजलं.

दाजी तोवर शेजारच्या पंक्चरवाल्याकडे बघत होते. ‘नळीला एक बारीक भोक पाडून हवा भरून घेतली तर?’

पोराने हातातला पाना खाली ठेवला. इतका वेळ तो हसत होता, आता नाही. सहा मिलिमीटरचा दांडा आणि शंभर न्यूटनचा जोर, म्हणजे नवी असताना आत पस्तीस बारच्या आसपास दाब. मोटारीच्या चाकात सव्वादोन असतो. उरलेला गॅससुद्धा ड्रिल मारणाऱ्याचा डोळा घालवायला पुरेसा. ‘हे उघडायचं नसतं, तापवायचं नसतं. नवीन घ्यायचं. दोन्ही बाजूचे जोडीनं. दोन्ही टोकांच्या गोळ्यांच्या मधोमध माप घ्या आणि जोर तेवढाच घ्या. जास्तीचा घेतला तर झाकण थोबाडीत मारंल आणि बिजागरी वाकंल.’

नवीन कान्ह्यात मिळणार नव्हते. लोणावळ्यातही नाही. ‘मग आजचं काय?’ दाजींनी विचारलं, आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. एवढ्या वर्षांच्या नात्यात मला ती नजर कळते.

मला वाचवलं त्या पोराने. कोपऱ्यात नळाच्या कामाचा पांढरा पाइप पडला होता. त्याने झाकण पूर्ण वर करून उघड्या दांड्याची लांबी पाइपवर नखाने खूण करून घेतली, हॅक्सॉने तेवढा तुकडा तोडला आणि मग तो लांबीत एका बाजूने चिरला. कडा कानशीने घासल्या, दांड्यावर ओरखडा यायला नको म्हणून. चीर दांड्यावर टेकवून अंगठ्याने दाबलं. टच् असा आवाज आला आणि पाइप दांड्यावर बसला. आता दांडा नळीत शिरायला जागाच नव्हती. त्याने झाकणावर कोपर टेकवून वजन टाकलं. हललं नाही. बंद करताना चिरेच्या बाजूने ओढून काढायचा, म्हणाला. आणि पैसे? ‘राहू द्या हो काका, तुकडाच होता.’ दाजींनी आग्रहाने वीस रुपये दिले आणि नंतर दिवसभर या पार्टला ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणाले.

डिक्की नीट उघडी राहते म्हटल्यावर ती भरावीशी वाटणं ओघानेच आलं. फाट्यावर इंद्रायणी तांदूळ विकायला होता. इंद्रायणी म्हणजे शेजारच्या वडगावच्या भात संशोधन केंद्राचं वाण, १९८७ सालचं. तो इथेच घ्यावा असं दाजींचं ठाम मत पडलं. दहा किलो डिक्कीत गेला. स्टिकर आतून आमच्याकडे बघत होता. उरलेलं वीस किलोचं पोतं कुठे ठेवायचं यावर फार विचार झाला नाही. माझ्या सीटवर ते व्यवस्थित बसलं, माझ्यापेक्षा कमी जागेत, आणि बंजी दोरीने बांधल्यावर तक्रारही करेना. ठोकरवाडी राहिली, लोणावळा राहिलं. दाजी तांदूळ घेऊन निघाले, आणि मी चालत कान्हे स्टेशनवर.

दुपारच्या वेळी लोकल कमी. फलाटावर बराच वेळ बसलो, शेवटी एक मिळाली. ती बेगडेवाडीला थांबली असताना ताईचा फोन आला.

‘तांदूळ पोचला. छान आहे. पण यांना डिक्की बंद करता येईना. तो पाइप कसा काढायचा?’

‘चिरेच्या बाजूने ओढायचा. आणि आधी झाकण कुणीतरी धरून ठेवायला हवं, नाहीतर पाइप निघाला की येईल खाली.’

‘ते मीच धरलंय,’ ताई म्हणाली, ‘केव्हाची.’