मागून पहिला

भाच्याने मला मामा बनवलं, यात तसं नवीन काही नाही. नात्याची सोयच तशी आहे. पण या वेळी त्याने पन्नासाव्या वाढदिवसाला रीतसर पाकीट हातात दिलं. वाटलं, जेवणाचं कूपन असेल. आत एका शर्यतीच्या नावनोंदणीची पावती निघाली. सिंहगड, राजगड, तोरणा. एका दिवसात. ५३ किलोमीटर.

"पैसे परत मिळत नाहीत," भाचा म्हणाला.

पुण्याच्या माणसाला डोंगरावर चढवायला एवढं एक वाक्य पुरतं.

अल्ट्रा हा शब्द मला तोवर कपड्यांच्या साबणाच्या जाहिरातीतून माहीत होता. आता कळलं की मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर संपवून पुढे एक जरी पाऊल टाकलं, तरी माणूस अल्ट्रात जमा होतो. ते १९५ मीटरही काही शास्त्रार्थाने आलेले नाहीत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोरपर्यंत जेवढं भरलं, तेवढं ते अंतर. म्हणजे राजाराणीच्या सोयीसाठी लोक गेली शंभर वर्षं जास्तीचं पळताहेत आणि कोणी तक्रार करत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीची वेळ पाच मिनिटं बदलली तर सभा बोलावतात.

डोंगरातल्या लांब शर्यतींना तर मूळपुरुषही आहे. कॅलिफोर्नियात, सिएरा नेव्हाडाच्या डोंगरांतून शंभर मैलांची घोड्यांची शर्यत होते. तिथे गॉर्डी एन्सली नावाच्या गड्याचं घोडं १९७३ साली वाटेत लंगडलं. शहाण्या माणसाने दुसरं घोडं पाहिलं असतं. हा १९७४ साली घोड्याशिवायच उभा राहिला आणि २३ तास ४२ मिनिटांत शंभर मैल पळून मोकळा झाला. पुढे त्याच वाटेवर माणसांची वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत सुरू झाली. भाच्याने ही गोष्ट मला स्फूर्ती यावी म्हणून सांगितली होती. मला हेवा वाटला तो घोड्याचा. कसं वेळेवर लंगडलं!

सरावाचं वेळापत्रक भाच्याने फ्रिजवर चिकटवलं, नेमकं दुधाच्या हिशेबावर. मधल्या वारी वेताळ टेकडी. शनिवारी चार तास सिंहगड, आणि रविवारी, शनिवारचे पाय उतरायच्या आत, पुन्हा तीन तास. दमलेल्या पायांना दमलेलं असतानाच चालायची सवय लागावी, हा त्यातला डाव. आतकरवाडीच्या वाटेने पहिल्याच दिवशी मी ईर्ष्येने पळत सुटलो आणि विजेच्या तिसऱ्या खांबाला मिठी मारून उभा राहिलो. भाचा मागून शांतपणे आला.

"मामा, चढावर पळायचं नसतं. चालायचं. हात मांड्यांवर टेकवून."

"मग पळायचं कुठे?"

"सपाटीवर."

"आणि सह्याद्रीत सपाटी कुठे आहे?"

भाचा जरा विचारात पडला.

हा माझ्या आयुष्यातला महत्त्वाचा शोध होता. म्हणजे चालायचं, आणि दर अर्ध्या तासाने खायचं. ही दोन्ही कामं मी लग्नाकार्यांत वर्षानुवर्षं विनामोबदला करत आलो होतो. त्याला खेळ म्हणतात हे कोणी सांगितलंच नव्हतं.

खाण्याचं कारणही भाच्याने समजावलं. अंगातला साखरेचा साठा तीसएक किलोमीटरला आटतो, आणि मग गडी दिवा विझल्यासारखा बसतो. म्हणून भूक लागायच्या आधीच खायचं. शिवाय घामातून मीठ जातं, तेही भरून काढायचं. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट चक्कर येते. दुकानात यासाठी जेलच्या पुड्या मिळतात. मी एक चाखली. काकवीत टूथपेस्ट कालवल्यासारखी लागली. मग घरचंच न्यायचं ठरलं: मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, दाण्याची चिक्की, लिंबाचं सरबत. बायकोने ओट्यावरची मांडामांड पाहिली.

"आज एकादशी आहे का?"

एकादशी नव्हती. पण एकादशी अन् दुप्पट खाशी, या म्हणीत आमच्या पूर्वजांनी अल्ट्राचं सगळं आहारशास्त्र चार शब्दांत सांगून ठेवलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चढाने दम लागतो, पण माणसाचा काटा काढते ती उतरण. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, सारखा ब्रेक लावत राहतो, आणि त्यात त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. हे दुखणं त्या दिवशी येत नाही. सोमवारी येतं, ऑफिसच्या वेळेला. एका सोमवारी मी देवापुढे बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. बायकोला वाटलं, पन्नाशी लागली आणि भक्ती वाढली. तिने समाधानाने दुसरी उदबत्ती लावली. शेवटी भाच्याला फोन करून मला देवघरातून उतरवून घ्यावं लागलं. दिवाळीपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. ओवाळताना बहिणीने विचारलं, "हे काय रे?" मी म्हटलं, "तुझ्या मुलाने दिलेली भेट."

डिसेंबरातल्या त्या पहाटे गोळेवाडीत, सिंहगडाच्या पायथ्याला, कपाळावर दिवे बांधलेली पुष्कळ माणसं उभी होती. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी, शिटी, आणि एक चमचमतं पांघरूण, म्हणजे पोळ्या गुंडाळतात त्या फॉइलचा थोरला भाऊ. कोणी वाटेत गारठला तर त्याला त्यात गुंडाळतात. गर्दीत बारीक चणीची, काटक, न बोलणारी माणसं बरीच होती. भाचा त्यांतलाच. "शेवटाला, वेल्ह्यात भेटू," म्हणून तो जो गेला तो गेलाच.

सिंहगडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुमारे ४,३०० फूट उंचीचा तो गड मी सरावात चौदा वेळा चढलो होतो आणि चौदाही वेळा वर मडक्यातलं दही खाल्लं होतं. शर्यतीच्या दिवशी पुणे दरवाजातून आत शिरलो तेव्हा दहीवाल्या मावश्या अजून झोपलेल्या. माझे पाय सवयीने तिथे थांबले, आणि मागच्या चार जणांनी मला 'काही दुखतंय का?' म्हणून विचारलं. काय सांगणार?

कल्याण दरवाजातून खाली उतरून विंझरच्या वाटेला लागलो तेव्हा उजाडलं. एका खोपटापाशी एक म्हातारी शेणाचा पो हातात धरून आमच्याकडे बघत उभी होती.

"एवढी माणसं पळत्यात, मागं काय जळालं का काय?"

"नाही आजी, शर्यत आहे."

"आन् तुमी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी थांबलो असतो, तर तिचं खरं ठरलं असतं.

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात पोचलो तेव्हा पाण्याच्या टेबलावर सतरंजीची घडी चालली होती. स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात कौतुकापेक्षा सुटकेचा भाग जास्त होता. तिथे मला तो भेटला. अठरा-एकोणीस वर्षांचा, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पोतं. वाट चुकू नये म्हणून झाडाझुडपांना गुलाबी फिती बांधलेल्या असतात. शेवटचा पळणारा गेला की त्याच्या मागून येऊन त्या सोडून घ्यायच्या, हे याचं काम. इंग्रजीत याला स्वीपर म्हणतात. झाडूवाला. कचरा कोण, ते उघडच होतं.

"काका, सावकाश या," तो म्हणाला. "मला घाई न्हाई. तुमच्या म्होरं जायचं न्हाई, असा नियमच हाय."

तिथून पुढे आमची जोडी जमली. मी चाललो की तो चाले. मी बसलो की तोही दहा पावलं मागे बसे, आणि फितींची गुंडाळी करत आभाळाकडे बघे. मागे वळून पाहिलं तर वाट दिसत नसे. म्हणजे वाट होती, पण तिच्यावरची खूण गेलेली. उभ्या सह्याद्रीत मी जिथे जात होतो तिथपर्यंतच शर्यत उरली होती. परीक्षेत पेपर ओढून घ्यायला बाई शेजारी येऊन उभ्या राहतात ना, तसं. फक्त पेपर पंचवीस किलोमीटर लांबीचा.

चोर दरवाजाच्या खालच्या कातळावर, रेलिंग धरून चढताना, त्याने मागून विचारलं, "काका, ह्याचं पैसं भरावं लागत्यात?"

"हो."

"किती?"

मी निम्मा आकडा सांगितला. तरीसुद्धा पद्मावती तळं येईस्तोवर तो काही बोलला नाही.

राजगड पंचवीसएक वर्षं स्वराज्याची राजधानी होता आणि निवांत बघण्याचा गड आहे. मी तो बुटांच्या टोकांपासून तीन फुटांपर्यंतच्या पट्ट्यात बघितला. संजीवनी माचीची ती दुहेरी, चिलखती तटबंदी, जिच्यासाठी लोक लांबून येतात, तिच्या सावलीत मी सपशेल आडवा झालो आणि मोज्यांतली कुसळं काढू लागलो. डिसेंबरात सह्याद्रीतलं गवत वाळून सोनेरी होतं, छायाचित्रात फार देखणं दिसतं, आणि मोज्यात शिरतं. कुसळाची रचना अशी की ते एकाच दिशेने सरकतं, आतल्या. एक उपटावं तर निम्मं हातात येतं आणि उरलेलं निम्मं घोट्याशी वैयक्तिक वैर धरतं. मी एकवीस काढली. बाविसावं काढताना लक्षात आलं की डाव्या बुटाचा सोल पुढून सुटलाय आणि सुसरीसारखा जबडा उघडून माझ्याकडे बघतोय.

दोरी नव्हती. नाडी सोडली तर बूटच जाणार. समोर कारवीच्या वाळक्या काटकीवर एक गुलाबी फीत वाऱ्यावर फडफडत होती. फितीवाला बराच मागे, निवडुंगात गुंतलेली एक फीत काट्यांमधून सोडवत होता. माझ्या पुढचे सगळे केव्हाच गेलेले, मागे त्याच्याशिवाय कोणी नाही. म्हणजे या फितीची आता जगात कोणाला गरज नाही. असा कायदेशीर विचार करून मी ती सोडली, बुटाच्या टोकाला तीन वेढे दिले आणि गाठ मारली. मग उगाचच शीळ घालत आळू दरवाजाकडे निघालो.

राजगडावरून तोरण्याकडे जाणारी डोंगराची धार लांबून एका झेपेची वाटते. धारेवर उतरलं की कळतं, ती झेप वाघासाठी आहे. घसाऱ्यावर बसून उतरावं, कारवीत वाकून शिरावं, पुन्हा टेपाड. मध्ये जिथे गाडीरस्ता धार कापतो तिथे खिंडीत एक जीप उभी होती. दार उघडं, आत गाणी, सीटवर कोणीतरी ब्लँकेट पांघरून चहा पीत बसलेलं. शर्यत सोडणाऱ्यांसाठीची ती सोय. मी जीपकडे बघितलं. जीपवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याने नुसती भुवई उडवली असती तरी मी चढलो असतो.

"काका," मागून आवाज आला, "पुढचं टेपाड झालं की तोरणाच."

तोरणाच! जसं काही पुढच्या गल्लीत वळलं की किराणा. हा गड ४,६०० फुटांचा, आणि महाराजांनी त्याचं नाव प्रचंडगड ठेवलेलं. बुधला माचीच्या अंगाने, शिडीला लटकत, कपाळावरच्या दिव्यात मला त्या नावाचा अर्थ अक्षरशः गुडघ्यांनी कळला. डाव्या पोटरीत गोळा आला. फितीवाल्याने माझा पाय मांडीवर घेऊन अंगठा मागे दाबला, कोणी बैलाचा खूर बघावा तसा सराईतपणे. मग मी त्याला शेवटचा बटाटा दिला. निम्मा त्याने मला परत दिला. एका कातळाला मी म्हैस समजून 'हो, हो' केलं तेव्हा तो हसला नाही, हे मी विसरणार नाही.

बिनी दरवाजातून वेल्ह्याचे दिवे दिसतात. दिसतात, आणि येत नाहीत. तासभर उतरावं तरी तेवढेच लांब. पाऊल टाकलं की मांड्या सोमवारची वाट न बघता तिथल्या तिथेच हिशेब मागत होत्या. मी उलटा होऊन उतरू लागलो, सोसायटीच्या जिन्यावर उतरतो तसा. त्यामुळे माझं तोंड फितीवाल्याकडे आणि पाठ विजयाकडे, अशा थाटात आम्ही गावात शिरलो.

वेळ संपायला सात मिनिटं होती. पण आता कोणी येत नाही असं समजून हवेच्या कमानीचा पंप कोणीतरी बंद केला होता. ती उसासा टाकत माझ्यासमोर गुडघ्यावर आली, मग आडवी झाली. मी तिच्यावरून पाय टाकून शर्यत पूर्ण केली. भाच्याने, ज्याची एव्हाना दोन मिसळी आणि एक झोप झाली होती, माझ्या गळ्यात पदक घातलं. ते जड होतं. मान खाली गेली.

बाजूला, ट्यूबलाइटच्या उजेडात, फितीवाल्याने पोतं सतरंजीवर पालथं केलं आणि दहा-दहाचे गठ्ठे लावायला बसला. एक माणूस वही घेऊन शेजारी उभा. लावल्या किती, आल्या किती.

"एकशे त्र्याण्णव. एक कमी हाय."

"परत मोज."

त्याने परत मोजल्या. एकशे त्र्याण्णव.

"ऱ्हायली आसंल संजीवनीवर," तो म्हणाला. "सकाळी जाऊन आणतो." आणि माझ्या डाव्या बुटाकडे बघत राहिला.

वाकून गाठ सोडावी म्हटलं, तर कंबर वाकेना. शेवटी भाच्याच्या खांद्याला धरून मी डावा पाय उचलला आणि तसाच त्याच्या पुढ्यात धरला. त्याने वेढे सोडले, धूळ झटकली, बोटांनी फीत सरळ केली आणि शेवटच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"एकशे चौऱ्याण्णव," तो वहीवाल्याला म्हणाला.