एफवाय इकडं, एसवाय तिकडं: नवशिक्यांसाठी विद्यापीठबदल

पहिलं वर्ष संपलं की दोन प्रकारची मुलं विद्यापीठ बदलायला निघतात. काहींना आपण चुकीच्या गावात शिकतोय असं वाटतं. काहींना स्वतःला तसं काही वाटत नाही, पण पुण्याला गेलेल्या मित्राला त्यांच्याबद्दल तसं वाटतं. वडिलांची बदली झालेली मुलं यात धरलेली नाहीत. त्यांच्याकडे ऑर्डर असते, आणि ऑर्डर पाहिली की खिडकीपलीकडचा माणूस निम्मा मऊ होतो. मोठ्या शिक्षणसंस्थेत नोकरीला असेल तर बदली त्यालाही चुकलेली नसते. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

आधी भूगोल. आपल्याकडे विद्यापीठांच्या हद्दी जिल्ह्यांवरून ठरतात. कोल्हापूर, सांगली, सातारा शिवाजी विद्यापीठाकडे. पुणे, अहिल्यानगर, नाशिक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे. म्हणजे शिरवळच्या मुलीनं नीरा नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या कॉलेजात नाव घातलं, की तिनं नुसतं कॉलेज नव्हे, विद्यापीठ बदललं. एकाच विद्यापीठात इकडचं तिकडं व्हायचं असेल तर टीसीवर भागतं. पूल ओलांडला की मायग्रेशन सर्टिफिकेट आलं, नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी आली आणि समकक्षता आली. एसटीला हा पूल ओलांडायला मिनिट लागत नाही. कागदांना पावसाळा लागतो.

पायरी पहिली: नव्या कॉलेजात जाऊन एसवायला जागा आहे का विचारा. उत्तर मिळेल, "आधी टीसी आणा."

पायरी दुसरी: जुन्या कॉलेजात जाऊन टीसी मागा. उत्तर मिळेल, "तिकडं प्रवेश मिळाल्याचं पत्र आणा."

पायरी तिसरी म्हणजे पुन्हा पायरी पहिली. इथं बरीच मुलं मनानं परत फिरतात आणि आपलं गाव मुळात वाईट नव्हतंच असं सांगू लागतात. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी एवढंच करावं: टीसीचा अर्ज आधी टाकू नये. टीसी हातात पडली की इकडचा प्रवेश संपला. तिकडची जागा हुकली तर तुम्ही नदीच्या मधोमध. नव्या कॉलेजकडून जागा असल्याचं लेखी घ्यावं, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. "सर म्हणाले होते" हा पुरावा आजवर कुठल्याही खिडकीत चाललेला नाही.

पत्र आणलंत की नो-ड्यूजचा फॉर्म मिळतो. हा कागद दिसतो साधा. त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, एनसीसी, जिमखाना अशा चौकटी असतात आणि प्रत्येकीत एकेक सही हवी असते. ग्रंथालयाचं सोपं आहे: पुस्तक द्या, दंड भरा, सही घ्या. खरा कस जिमखान्यात. तुम्ही वर्षभरात बॅडमिंटनची रॅकेटसुद्धा हातात घेतलेली नसते, आणि नेमकं ती घेतली नव्हती हे सांगणारी सही तुम्हाला हवी असते. ती देणारे सर संघ घेऊन बाहेरगावी गेलेले असतात. कधी येतील हे शिपायाला माहीत असतं, तेव्हा शिपायाशी नातं पहिल्या वर्षीच जोडून ठेवावं. प्राचार्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त, हे मी थट्टेनं म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, हल्ली क्रेडिट बँक आहे. आहे ना. यूजीसीनं 2021 मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. मिळवलेली क्रेडिटं तिथं जमा होतात, सात वर्षं टिकतात आणि विद्यार्थ्याबरोबर दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतात. कल्पना उत्तम आहे, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. अडचण नावाचीच आहे, पण तुमच्या. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. आधारवर स्वतःचं नाव आधी. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये क्लार्कला त्या दिवशी सुचलं ते. तिन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे हे तुमच्या आईला पटतं, पोर्टलला पटत नाही. तेव्हा या बँकेतल्या खात्यासाठी लागणारा बारा आकडी अपार आयडी काढताना स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. 'दीपक'मध्ये ई दोनदा की आय एकदा, हा तुमच्या शैक्षणिक भवितव्याचा प्रश्न आहे.

क्रेडिटं पोचली तरी ती बसली पाहिजेत. नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आलं आणि पहिल्या वर्षाच्या चाळीस-चव्वेचाळीस क्रेडिटांची वाटणी मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा अशी झाली. साचा सगळीकडे एक, आत भरलेलं सारण ज्याचं त्याचं. मेजरचा विषय तोच असेल तर निम्मी लढाई जिंकलात. कुरबुर होते ती दोन-दोन क्रेडिटांच्या पेपरांवरून. तुम्ही शिकलेला पेपर तिकडं नसतो, तिकडचा तुम्ही शिकलेला नसता, आणि तो एसवायचा अभ्यास सांभाळून द्यावा लागतो. यासाठी पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत काढा आणि पानापानावर कॉलेजचा शिक्का घ्या. शेवटच्या पानावर घेतला तर चालेल का, असं विचारू नका. चालत नाही.

केटी राहिली असेल तर हा लेख इथंच मिटवून पुस्तक उघडावं. राहिलेले विषय घेऊन येणाऱ्याला घ्यायला बहुतेक कॉलेजं तयार नसतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

वेळेचं गणितही सांगतो. एसवायचे प्रवेश उन्हाळा सरताना सुरू होतात आणि मार्कशीट आपल्या सवडीनं येते. ऑनलाइन निकालाची प्रिंट काढून तिच्यावर सही-शिक्का घ्या, मूळ मार्कशीट नंतर देतो असं हमीपत्र लिहा. मूळ कागदपत्रं तपासून परत करा, अडकवून ठेवू नका, असं यूजीसीनं 2018 मध्येच बजावलेलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत खिशात असू द्यावी, मात्र पहिल्याच भेटीत बाहेर काढू नये.

शिष्यवृत्ती घेत असाल तर महाडीबीटीवरच्या अर्जाचं काय होणार, हे टीसी घेण्याआधी दोन्ही कॉलेजांत विचारा. वसतिगृहाचं त्याहून आधी. प्रवेश मिळून खोली न मिळालेली मुलं पुण्यात कमी नाहीत.

आणि टीसीच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. मूळ प्रत नवं कॉलेज ठेवून घेतं, आणि दुसरी काढायची तर पुन्हा जुन्याच खिडकीत जावं लागतं.